डोंगराच्या पोटातील पाणी

२३ जुलै २०२१ रोजी मंगळूरहून मुंबईला निघालेली एक प्रवासी गाडी गोव्याच्या पूर्वेकडील घाटात, दूधसागराच्या परिसरात, कोसळलेल्या दरडीमुळे रुळांवरून घसरली. इंजिन आणि त्यामागचा डबा रुळांखाली उतरला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. ही गाडी वास्तविक त्या मार्गाने जाणारी नव्हती. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या महापुराने कोकण रेल्वेचा मार्ग बंद पडला होता, म्हणून ती मडगावहून लोंढा, मिरज अशा वळणाने सोडण्यात आली होती. त्याच्या आदल्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गाडली गेली.

त्या दोन दिवसांत सह्याद्रीच्या एकूणएक डोंगरावर मुसळधार पाऊस पडत होता. मग हजार उतार जागच्या जागी राहिले आणि मोजकेच का सुटले? कित्येकदा तर पाऊस ऐन भरात असता काही होत नाही. तो ओसरल्यावर, लोक हुश्श करून घरात बसल्यावर, दरड येते. पावसाचा मार हेच एकमेव कारण असते तर असे घडते ना. तेव्हा उत्तर डोंगराच्या अंगावर नव्हे, तर त्याच्या पोटात शोधावे लागते.

दरड का कोसळते, असे विचारले असता बहुधा दोन उत्तरे मिळतात. माती भिजून जड झाली, हे एक. आणि आतला थर ओला होऊन निसरडा झाला, हे दुसरे. पहिल्यात थोडे तथ्य आहे. दुसरे मात्र इतके सोयीचे आहे, की शाळेतल्या मुलापासून वर्तमानपत्रापर्यंत सर्वांनी ते स्वीकारले आहे. आणि तेच बरेचसे चुकीचे आहे. कार्ल टेर्झागी हा १८८३ साली प्राग येथे जन्मलेला अभियंता. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरची काही वर्षे इस्तंबूल येथे अध्यापन करीत असता, हाती लागेल त्या वस्तूंतून उपकरणे जमवून त्याने मातीचे प्रयोग केले, आणि त्यांतून मृदायांत्रिकी हे शास्त्र उभे राहिले. १९५० साली दरडींच्या कारणांवर लिहिलेल्या निबंधात त्याने हा निसरडेपणाचा समज खोडून काढला. त्याचे म्हणणे असे, की पाणी वंगणासारखे काम करीत नाही. ते मातीला आतून उचलून धरते.

हे उचलणे म्हणजे काय, ते कोणालाही घरच्या ओट्यावर पाहता येईल. काचेचा एक पेला थंड पाण्याने विसळून किंचित उतरत्या, ओल्या, गुळगुळीत फरशीवर उलटा ठेवावा. तो स्वस्थ बसतो. आता तोच पेला चांगल्या गरम पाण्याने विसळून त्याच जागी उलटा ठेवावा. तो पुष्कळदा आपण होऊन सरकू लागतो. फरशी दोन्ही वेळा सारखीच ओली आहे. निसरडेपणात फरक नाही. फरक पडला तो आत कोंडलेल्या हवेत. काचेच्या उष्णतेने ती प्रसरण पावली आणि तिने पेल्याला खालून रेटा दिला. पेल्याचे वजन फरशीवर पूर्वीइतके टेकेनासे झाले, त्यामुळे घर्षण घटले आणि तो निघाला. डोंगराच्या मातीत हवेच्या जागी पाणी असते, एवढाच भेद.

मातीचे कण एकमेकांना धरून राहतात ते मुख्यत्वे परस्परांवर टेकल्यामुळे. वरचे वजन जितके अधिक टेकेल तितकी पकड अधिक. कणांमधल्या पोकळ्यांत पाणी साचून त्याचा दाब वाढू लागला, की तो दाब वजनाचा काही भाग स्वतःवर घेतो आणि कणांच्या वाट्याला उरलेलेच येते. आकड्यांत मांडावयाचे तर, सौम्य उताराच्या खडकावर पाच मीटर जाडीचा मातीचा थर आहे असे समजू. ओल्या मातीचे वजन घनमीटरला ढोबळमानाने दोन टन धरले, तर थराच्या तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांचा भार येतो. पाणी जर पार पृष्ठभागापर्यंत चढले, तर तळाशी पाच मीटर पाण्याचा दाब, म्हणजे चौरस मीटरला पाच टन, वरच्या दिशेने लागतो. दहातून पाच गेले. पकड देण्यासाठी उरले पाच. डोंगराचे वजन तेवढेच, उतार तोच, माती तीच. आणि तरीही तिची धरून राहण्याची शक्ती निम्मी झाली.

हाच हिशेब उलट मांडला म्हणजे उपाय आपोआप दिसतो. आतल्या पाण्याची पातळी केवळ दोन मीटर खाली आणता आली, तर दाब तीन टनांवर येतो आणि टेकणारे वजन पाचाचे सात टन होते. पकड दोनपंचमांशाने वाढली. तेवढ्यासाठी वर भिंत बांधावी लागली नाही, डोंगर कापावा लागला नाही. ओढणारी शक्ती आणि धरणारी शक्ती यांत पाच-दहा टक्क्यांचेच अंतर असलेले उतार घाटांत कमी नसतात. अशा ठिकाणी दोन मीटरांचा फरक ही फार मोठी गोष्ट होय.

कोकण आणि गोव्याच्या डोंगरांची रचना या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा. तो दिसतो कठीण, परंतु अंगाला असंख्य छिद्रे. त्याच्याखाली कित्येक ठिकाणी पांढरट, गुलाबी, पिवळसर अशी मऊ माती लागते, तिला शेडी म्हणतात. जांभ्यातून पाणी झरझर उतरते. शेडीत आले की त्याची गती खुंटते. गोव्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे पाणी सड्यावरून आत शिरते, शेडीवर साचते आणि बाजूला जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येते. ती वाट म्हणजे झर. पणजीतील फोंतेइन्यस या वाड्याचे नाव आल्तिन्यच्या पायथ्याच्या झऱ्यावरूनच पडले आहे. आतले पाणी किती चढले याचे मापही गोमंतकीयांना परिचित आहे. सांजांवच्या दिवशी, २४ जूनला, तरुण मंडळी ज्या विहिरींत उड्या घेतात त्या महिनाभरापूर्वी खोल गेलेल्या असतात. विहिरीत जे पाणी चढलेले दिसते, तसेच ते शेजारच्या डोंगराच्या पोटातही चढलेले असते. तिथे ते दिसत नाही इतकेच.

म्हणून झरा ही केवळ पाणी भरण्याची जागा नव्हे. ती डोंगराने स्वतःच ठेवलेली मोरी आहे. रस्ता रुंद करताना किंवा घरासाठी जागा सपाट करताना असा झरा भरावाखाली बुजविला जातो, वर काँक्रीट घातले जाते, आणि दोन पावसाळे काही झाले नाही म्हणजे तो विसरलाही जातो. आत येणारे पाणी मात्र थांबलेले नसते.

ही विद्या युरोपात शिकविली ती लोहमार्गांनी, आणि तीही जबर शुल्क घेऊन. डोंगर कापून रूळ टाकावयाचे म्हणजे त्याचा पायथा काढून घ्यावयाचा. इंग्लंडमध्ये सॉनिंग येथील खोल खोदाईत, २४ डिसेंबर १८४१ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे, पावसाने भिजून रुळांवर आलेल्या मातीवर एक गाडी आदळली. मालाच्या डब्यांबरोबर जोडलेल्या उघड्या डब्यांत सणासाठी घरी निघालेले पाथरवट होते. आठ जण जागीच मेले, एक मागाहून दगावला. त्याच हिवाळ्यात लंडनजवळ न्यू क्रॉस येथे खोदाईची बाजू घसरली. तेथील अभियंता चार्ल्स हटन ग्रेगरी याने १८४४ साली त्यावर निबंध वाचला. फ्रान्समध्ये आलेक्सांद्र कोलँ याने कालव्यांच्या आणि लोहमार्गांच्या कडेचे घसरलेले चिकणमातीचे उतार मोजून १८४६ साली ग्रंथ लिहिला. टेर्झागीचे गणित अजून ऐंशी वर्षे दूर होते. परंतु काम करणाऱ्यांनी अनुभवाने ओळखले, की उतारात उभे खोल चर खणून ते दगडांनी भरले तर माती थारा धरते. दगडांमधून पाणी निघून जाते आणि तो दगडी चर उताराला टेकूही देतो. दीडशेहून अधिक वर्षांनंतर आजही हा उपाय जुना झालेला नाही.

उथळ थरासाठी असा चर पुरतो. त्याच्या तळाशी सच्छिद्र नळी ठेवतात, भोवती खडी भरतात आणि खडी व माती यांच्यामध्ये गाळणी घालतात. या गाळणीकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. पाणी येऊ द्यावयाचे, पण माती येऊ द्यावयाची नाही, असे दुहेरी काम तिच्याकडे आहे. गाळणी फार जाड्याभरड्या खड्यांची असेल तर मातीचे बारीक कण पाण्याबरोबर वाहून जातात आणि डोंगरात पोकळी होते. फार बारीक असेल तर ती स्वतःच तुंबते. आतल्या मातीच्या कणांचे माप घेऊन त्याला जुळेल अशी वाळू आणि खडी निवडण्याचे नियम टेर्झागीनेच घालून दिले. हल्ली वाळूऐवजी खास विणलेले कापड वापरतात. मात्र बाजारात मिळेल ते कापड गुंडाळले म्हणजे गाळणी झाली, असे नाही.

पाणी अधिक खोल असेल तर चर उपयोगी पडत नाही. तेथे पायथ्यापासून डोंगरात आडवी भोके पाडतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर १९३९ च्या सुमारास ही रीत रूढ झाली. भोक आतल्या बाजूला किंचित चढते ठेवावयाचे, त्यात बारीक छिद्रांची किंवा चिरांची नळी सरकवावयाची. पाणी स्वतःच्या वजनाने बाहेर येते. पंप नको, वीज नको, रात्री जागणारा माणूस नको. वादळात तारा तुटलेल्या असतानाच दरडीचे भय सर्वांत मोठे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या साधेपणाचे मोल कळते.

तत्त्वाच्या दृष्टीने पाहिले तर ही कल्पना आपल्या देशाला परकी नाही. कासरगोड आणि दक्षिण कन्नड या भागांत जांभ्या डोंगरात माणूस वाकून जाईल एवढे आडवे बोगदे खणून पाणी बाहेर आणतात. त्यांना सुरंग म्हणतात. बऱ्हाणपूरला सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेली कुंडी भंडारा ही योजना सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवून शहराला पुरवीत असे. दोन्हींचा हेतू पाणी मिळविण्याचा, डोंगर सावरण्याचा नव्हे. परंतु अंगात पाणी असलेल्या जमिनीला किंचित उताराची वाट दिली की ती आपण होऊन पाणी सोडते, हे त्या खणणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

या उपायाची मोठ्या प्रमाणावरील परीक्षा पाहावयाची तर जपानात कामेनोसे येथे जावे लागेल. नारा खोऱ्यातील सारे पाणी घेऊन यामातो नदी एका अरुंद घळीतून ओसाका शहराच्या मैदानात उतरते. त्या घळीच्या उत्तरेकडचा उतार फार जुना घसरता उतार आहे. १९३१ च्या अखेरीस तो हलू लागला. नदीचे पात्र खालून वर उचलले गेले, पाणी तुंबले, आणि उतारातून जाणारा लोहमार्गाचा विटांचा बोगदा चिरडला गेला. तो मार्गच शेवटी नदीच्या दुसऱ्या तीरावर न्यावा लागला. लोहमार्ग हलविता येतो. शहर हलविता येत नाही. उतार पुरता घसरला तर घळ बंद होऊन वरच्या बाजूला नारा खोरे बुडेल, आणि साठलेले पाणी बांध फोडून निघाले तर खाली ओसाकाचे मैदान. १९६२ पासून जपानी सरकारने तेथे काम हाती घेतले. मोठ्या व्यासाच्या विहिरी खणल्या, विहिरींच्या भिंतींतून चहूकडे भोके पाडून पाणी विहिरीत आणले, आणि खालून बोगदे काढून ते नदीत सोडले. जोडीला खडकात रुतलेले प्रचंड काँक्रीटचे खांबही घातले. २००८ साली असाच एक निचऱ्याचा बोगदा खणीत असता कामगारांना समोर विटांची कमान लागली. सर्वस्वी नष्ट झाला असे मानलेल्या जुन्या बोगद्याचा एक तुकडा डोंगराच्या पोटात जवळजवळ शाबूत होता. लोहमार्ग जेथे हरला होता, नेमक्या तेथेच पाण्याच्या बोगद्याने त्याला गाठले. आता लोक तो पाहावयास जातात.

हाँगकाँगची कथा अधिक दुःखाची आहे आणि अधिक बोधक आहे. १९७२ च्या जूनमध्ये, तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या त्या शहरात, तीन दिवसांत सुमारे साडेसहाशे मिलिमीटर पाऊस झाला. १८ जूनला दोन दरडी कोसळल्या. एक साऊ माऊ पिंग येथे दुपारी. तीत ७१ माणसे गेली. दुसरी रात्री, पो शान रस्त्याच्या उतारावर. सुमारे चाळीस हजार घनमीटर माती दाट वस्तीतून खाली आली, तिने एक बारा मजली इमारत पायासकट लोटून दिली. ६७ माणसे मृत्युमुखी पडली. खाली बांधकामासाठी उताराचा पायथा खोदून ठेवलेला होता, हे चौकशीत पुढे आलेच. १९७६ साली साऊ माऊ पिंगला पुन्हा दरड आली, आणि त्यानंतर १९७७ मध्ये त्या शहराने उतारांवर देखरेख करणारे स्वतंत्र खाते काढले. उतारांची नोंदवही ठेवावी, प्रत्येकाला क्रमांक द्यावा, त्याची मालकी आणि निगेची जबाबदारी ठरवावी, अशी ती पद्धत आहे. आपल्याकडे कोसळलेल्या दरडींची यादी तयार होते. अजून न कोसळलेल्या उतारांची यादी गावपातळीवर क्वचितच सापडते.

पो शानच्या उतारात १९८४-८५ मध्ये लांब आडव्या नळ्या बसविण्यात आल्या. पाणी उतरले. परंतु वीस वर्षांत त्यांतील काहींची कार्यक्षमता घटत गेली. नळी जमिनीत पुरलेली. आत गाळ बसतो, मुळे शिरतात, पाण्यातील लोह हवेशी संयोग पावून तांबूस शेवाळासारखा गर धरते. ती उपसून बदलणे सोपे नसते. शेवटी तेथे खडकात दोन निचऱ्याचे बोगदे काढावे लागले, आणि बोगद्यांच्या आतून वरच्या दिशेने शंभराहून अधिक भोके पाडून वरच्या मातीतले पाणी खाली घेतले. २००९ च्या सुमारास हे काम पुरे झाले. बोगद्याचा विशेष असा, की त्यात माणूस चालत जाऊ शकतो. कोणते भोक वाहते आणि कोणते कोरडे पडले, हे डोळ्यांनी पाहता येते आणि दुरुस्ती करता येते. उलट बाजूचीही काळजी घ्यावी लागली. पाणी प्रमाणाबाहेर उतरले तर जमीन खचते आणि शेजारच्या इमारतींना तडे जातात. म्हणून किती पाणी सोडावयाचे यावर नियंत्रण ठेवण्याची सोय करावी लागते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करावयास हवा. नळी बसविल्यावर ती धो धो वाहिली नाही, तर पैसा वाया गेला असे लोकांना वाटते. चिकणमाती पाणी थेंबाथेंबाने सोडते. आणि काम दाब उतरविण्याचे आहे, हंडे भरण्याचे नाही. कोंडलेले थोडेसे पाणीही मोठा दाब देऊ शकते, आणि तेवढे निघून गेले की तो दाब सरतो. यश मोजावयाचे ते नळीच्या तोंडाशी बादली धरून नव्हे, तर उतारात उभी पुरलेली दाबमापक नळी पाहून. निचरा होण्यापूर्वी भर पावसात तीत पाणी कुठवर चढत होते आणि आता कुठवर चढते, याची तुलना हाच पुरावा होय. ही मापक नळी आधी न बसविता निचऱ्याचे काम करणे म्हणजे ताप न पाहता औषध देण्यासारखे आहे.

मात्र हा उपाय सर्व दरडींवर चालतो, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव गाडले गेले. दीडशेवर माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्या वाहून गेल्या. मधल्या काळात, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगडातील इर्शाळवाडीवर दरड आली. अशा घटनांत खडकावरचा मातीचा थर अतिवृष्टीत सुटतो, पाण्यात कालवला जातो आणि दगड-झाडांसह नदीसारखा वाहत येतो. वरचा सारा डोंगर भोके पाडून कोरडा करणे कोणालाही शक्य नाही. तेथे धोक्याची जागा ओळखून वस्ती हलविणे आणि वेळेवर इशारा देणे हेच मार्ग उरतात. तसेच २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या गाडीला जो अपघात होऊन पन्नासहून अधिक प्रवासी ठार झाले, तो रुळांवर आलेल्या शिळांमुळे. सुट्या शिळा काढणे, जाळ्या बसविणे, रुळांवर गस्त ठेवणे ही कामे निचऱ्याने होत नाहीत. ज्या उताराच्या पोटात ठराविक पातळीपर्यंत पाणी चढते, जो सावकाश सरकतो, जेथे भेगा पडतात, झाडे तिरपी होतात, आणि ज्याच्या पायथ्याशी रस्ता, रूळ किंवा वस्ती आहे, असा ओळखीचा उतार हे या उपायाचे खरे क्षेत्र.

या संदर्भात एका चांगल्या घोषणेकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. पाणी अडवा, पाणी जिरवा, हे सूत्र दख्खनच्या पठारावर, जेथे वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, लाखमोलाचे आहे. तेथे डोंगरावर समतल चर खणून पाणी मुरविले म्हणजे खालच्या विहिरींना पाझर फुटतो. तेच चर सह्याद्रीच्या तीव्र उतारावर, तीन हजार मिलिमीटर पावसात, वस्तीच्या डोक्यावर खणले तर जे पाणी वाहून जावयाचे ते उताराच्या पोटात घातले जाते. योजना तीच, अंदाजपत्रकाचा नमुना तोच. परिणाम मात्र उलट. उतारावर सपाटी करून घर, शेत किंवा विश्रामगृह बांधताना, आणि वरच्या घरांचे सांडपाणी शोषखड्ड्यात सोडतानाही, हाच विचार करावयास हवा. शोषखड्ड्याचे पाणी तर बारमाही असते. उन्हाळ्यात जो उतार सुकून विश्रांती घेतो, ती विश्रांतीही मग त्याला मिळत नाही.

गोव्यातील पेडण्याचा रेल्वे बोगदा हे याच नाण्याचे दुसरे अंग दाखवितो. कोकण रेल्वे बांधताना मऊ मातीतील जे बोगदे अभियंत्यांना सर्वांत अवघड गेले, त्यांत तो एक. ऑगस्ट २०२० मध्ये मुसळधार पावसात त्याच्या आतल्या भिंतीचा काही भाग ढासळला. जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल रुळांवर येऊन वाहतूक बंद पडली आणि अनेक गाड्या रद्द कराव्या लागल्या वा वळवाव्या लागल्या. डोंगरात कोणतीही पोकळी केली, की भोवतालचे पाणी तिच्याकडे ओढ घेते. पोकळी करणाऱ्याची इच्छा असो वा नसो, ती निचरा बनते. गाळणीतून आलेले पाणी एकटे येते. गाळणीवाचून येणारे पाणी मातीला सोबत घेऊन येते. म्हणून पाण्याला वाट द्यावी की न द्यावी, हा निवडीचा प्रश्नच नसतो. ते कोठून व कसे येणार, एवढेच काय ते ठरविता येते.

घराच्या आवारातील साध्या भिंतीलाही हे लागू आहे. उतार कापून बांधलेल्या भिंतीत गवंडी हातहातभर अंतरावर भोके ठेवतो ती शोभेसाठी नव्हेत. पुष्कळ ठिकाणी ती रंग देताना गिलाव्याने बुजविलेली दिसतात, कारण त्यांतून ओघळणाऱ्या तांबड्या पाण्याने भिंतीवर डाग पडतात. भोके बुजली की ती भिंत धरण होते. आणि धरण म्हणून ती बांधलेली नसते. भोके उघडी असली तरी त्यांच्या मागे खडीचा थर नसेल तर ती एका पावसात मातीने भरतात. हे काम भिंत बांधतानाच करावे लागते. नंतर करावयाचे तर भिंत उकलावी लागते.

निचऱ्याच्या कामांना खरा शत्रू आहे तो विस्मृती. भिंत डोळ्यांना दिसते, तिला तडा गेला तर लोक ओरडतात. नळीचे तोंड गवतात असते. तिच्यावर कोणी रस्त्याची माती लोटली, कोणी तिचा तुकडा बागेसाठी कापून नेला, तरी कळत नाही, आणि उतार सुरक्षित आहे या समजुतीने पायथ्याशी नवी घरे मात्र उठत असतात. म्हणून मे महिन्यात प्रत्येक नळीचे तोंड मोकळे करणे, आतील गाळ पाण्याच्या जोराने धुऊन काढणे, तिला क्रमांक देणे, आणि पावसाळ्यात ठराविक दिवशी ती किती वाहते हे वहीत लिहिणे, एवढे काम नेमून दिलेल्या माणसाकडे असावे लागते. ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा शाळेतील वरच्या वर्गातील मुलेही, तोंड रस्त्याच्या कडेला असेल तर, ही नोंद ठेवू शकतील. पाण्याचा रंग पाहावयास अभियंता लागत नाही. पाणी स्वच्छ येत असेल तर नळी ठीक आहे. ते गढूळ होऊ लागले तर गाळणी फाटून आतली माती येत आहे, असे समजून त्या खात्याला कळवावे. आणि भर आषाढात, पाऊस चालू असता, रोज वाहणारी नळी किंवा जुना झरा एकाएकी कोरडा पडला, अथवा कधी नव्हे तेथे नवा झरा फुटला, तर त्याच दिवशी त्या उताराच्या पायथ्याची घरे रिकामी करावीत; कारण काय ते माणसे सुरक्षित जागी पोहोचल्यावर शोधता येते.